नवा फोन घ्यायचा राहिला: खानापुरात आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा फोन इतका अडखळायला लागला की दुकानात गिऱ्हाईक उभं असताना क्यूआरचं पान उघडेपर्यंत ते खिशातून रोख काढायचं. फोन तीन वर्षांचा, ६४ जीबीचा. बेळगावला जाऊन नवा आणायचा, असं घरात ठरलंही होतं. भाचा सुट्टीला आला होता, तो म्हणाला, "मामा, आधी दोन दिवस माझ्याकडे द्या. नाही सुधारला तर घ्या नवा." त्याला आता आठ महिने झाले. फोन तोच आहे.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं मोटार वायंडिंगचं छोटं दुकान आहे. शेतातले पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, असलं काम. जांबोटीच्या बाजूला वडिलोपार्जित दोन एकर जमीन. कन्नड मला बोलता येतं, चांगलं येतं, पण वाचता येत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीत असे पुष्कळ आहेत. हे आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी गोष्ट त्याच्यावरच आहे.

भाच्यानं पहिल्यांदा काय केलं, तर 'क्लीनर', 'बॅटरी डॉक्टर' आणि 'स्पीड बूस्टर' अशी तीन अॅप काढून टाकली. फोन हलका व्हावा म्हणून मीच ती घातली होती! त्याचं म्हणणं, अँड्रॉइड मेमरी स्वतःच सांभाळतं. ही अॅप मागची कामं बंद पाडतात, ती पुन्हा सुरू होतात आणि बॅटरी उलट जास्त जाते. वर जाहिराती. मग व्हॉट्सअॅपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरण्याची सोय बंद केली आणि 'स्टोरेज मॅनेज करा' उघडून दाखवलं. एकट्या सुप्रभाताच्या फुलांनी आणि सोसायटीच्या ग्रुपवरच्या व्हिडिओंनी ११ जीबी खाल्ले होते. शेवटी 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर पर्याय उघडले आणि अॅनिमेशनचे तीनही आकडे ०.५ वर आणले. यानं फोन खरोखर वेगवान होत नाही, पडदे सरकण्यातला वेळ तेवढा कमी होतो. पण हाताला फरक लगेच जाणवतो. त्या पानावरचं बाकी काही छेडू नका.

एक चूक मी नंतर केली, ती माझी मीच. बॅटरी वाचवायच्या हौसेनं सगळ्या अॅपना मागं चालायची बंदी घातली. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा 'मोटार जळालीय, आत्ता आणू का' हा निरोप मला दोन तासांनी दिसला. तोवर तो दुसरीकडे गेलेला. तेव्हा व्हॉट्सअॅप आणि पैशांची अॅप सोडून बाकीच्यांना बंदी घाला.

दुकानात सगळ्यांत जास्त वापर कॅमेऱ्याचा. मोटार उघडायच्या आधी जोडणीचे चार फोटो काढतो आणि ते गूगल कीप या टिपणवहीच्या अॅपमध्ये गिऱ्हाइकाच्या गावाच्या नावानं ठेवतो. पूर्वी खडूनं फळीवर लिहायचो, पोरगा पुसून टाकायचा. मोटारीच्या पाटीवरचे आकडे गूगल लेन्सनं, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या अॅपनं, उचलून सुटे भाग विकणाऱ्याला तसेच पाठवतो. बेअरिंगवरचा नंबर तेलानं माखलेला असतो, ६२०३ आहे की ६२०४ ते चष्म्यानंही कळत नाही. कॅमेरा मोठा करून, टॉर्च तिरपी धरून फोटो काढला की कळतं. साधी गोष्ट आहे, पण चुकीचं बेअरिंग आणायला बेळगावची एक फेरी फुकट जाते, तिचा हिशेब करा.

टायपिंगसाठी जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही ठेवलेत. स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. खरं तर मी टाइप करतच नाही, माइक दाबून बोलतो. हात ग्रीसनं भरलेले असताना हाच उपाय. मात्र त्याला पुस्तकी मराठी लागतं. आमच्या सवयीनं 'येऊलोय' म्हटलं की तो काहीतरी भलतंच लिहितो, मग मला रेडिओवरच्यासारखं 'मी येत आहे' म्हणावं लागतं. बायको हसते.

रस्त्यावरची गोष्ट थोडक्यात सांगतो. जांबोटी, कणकुंबीकडे रेंजचं काही खरं नाही. शिनोळीच्या पुढे चंदगडकडे गेलं की महाराष्ट्रातला टॉवर धरतो, चोर्ल्याच्या बाजूला कधी गोव्याचा. या धरसोडीत बॅटरी भराभर उतरते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी काढून ४जी ठेवलं तर फोनची शोधाशोध कमी होते. अगदीच अडला तर एरोप्लेन मोड चालू करून बंद करा. गूगल मॅप्समध्ये खानापूर ते गोव्यातलं साखळी हा सगळा पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवलाय. घाटात धुकं आणि पाऊस असताना त्या नकाशानं दोनदा वाट दाखवली. मधूनमधून तो अपडेट करावा लागतो, नाहीतर एक दिवस नकाशा गायब.

आता कन्नडाचं. वडील गेल्यावर जमीन आमच्या नावावर करायची होती. 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर आणि हिस्सा घातला की आरटीसी, म्हणजे पहाणी (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा उतारा), घरबसल्या दिसते. दिशांक नावाचं सरकारी अॅप आहे, त्यात शेतात उभं राहिलं की आपण कोणत्या सर्व्हे नंबरात आहोत ते नकाशावर दाखवतं. बांधाच्या भांडणात ते पुरावा म्हणून धरू नका, पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं. पण चुलतभावाला 'हा आपलाच नंबर' एवढं दाखवायला पुरलं. अडचण अशी की कागद सगळा कन्नडात.

म्हणून गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा लावला. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा ऑफलाइन उतरवून ठेवल्या, कारण गावात नेट नसतं. पहिल्याच कागदावर त्यानं होसूर या गावाच्या नावाचं 'नवं गाव' करून टाकलं. दुसऱ्यावर माणसाच्या नावाचाच अर्थ सांगितला. वाक्यं अशी की 'सदर क्षेत्राच्या मृत्यूबद्दल हक्क बदलला जातो'. जमीन मेली की काय, असं वाटायचं. दोन आठवडे मी याच्या नावानं बोटं मोडत होतो.

मग एकदा चुकून भाषांतराऐवजी मूळ मजकुराच्या बाजूच्या स्पीकरवर बोट पडलं आणि फोननं तो कागद कन्नडातच मोठ्यानं वाचून दाखवला. मला सगळं कळलं! वाचता येत नव्हतं तेवढंच, कानाला ती भाषा रोजची. आणि कचेरीतले निम्मे शब्द तर आपलेच निघाले: हिस्सा, खाते, जमीन, तहसीलदार. भाषांतरात 'पौती'चं काय करायचं ते फोनला समजत नव्हतं. कानानं ऐकल्यावर लक्षात आलं की ही आपली फौती, वारसनोंद. तेव्हापासून मी मराठी भाषांतर वाचतच नाही. कॅमेरा लावायचा, मूळ कन्नड मजकूर निवडायचा आणि ऐकायचा. हेस्कॉमचं विजेचं बिल, पंचायतीची नोटीस, बियाण्याच्या पिशवीवरची सूचना, सगळं असंच. सीमाभागातल्या माझ्यासारख्यांना एकच सेटिंग सांगायचं झालं तर मी हे सांगेन. गंमत म्हणजे रोज अक्षरं डोळ्यांसमोर आणि आवाज कानात, यानं बसवरच्या पाट्या आता थोड्याफार वाचता येतात.

हाताचं लिखाण मात्र त्याच्या हाती देऊ नका. एका छापील नोटिशीवर तारीख पेनानं लिहिली होती. कन्नड आकड्यांतले सहा आणि नऊ एकमेकांचे जुळे भाऊ. फोननं सहाची नऊ वाचली. मी नऊ तारखेला दुकान बंद ठेवून कचेरीत गेलो, तिथं कळलं की तारीख तीन दिवसांपूर्वी होऊन गेली. पुढची तारीख घेऊन परत आलो. आता पेननं लिहिलेलं शेजारच्या किराणावाल्या अण्णांना दाखवतो.

पैशांबद्दल दोनच गोष्टी. चहा-नाश्त्याच्या किरकोळ रकमांसाठी यूपीआय लाइट (यूपीआय अॅपमधलंच छोटं पाकीट) चांगलं, पिन लागत नाही आणि बँकेच्या पासबुकात वीस-वीस रुपयांच्या ओळींची रांग लागत नाही. दुसरं, पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, हे पोराच्या हातानं कार्डावर लिहून गल्ल्यावर चिकटवलंय. गेल्या लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या एकाला व्हॉट्सअॅपवर 'लग्नपत्रिका' आली, शेवटी एपीके लिहिलेली, म्हणजे पत्रिका नव्हे, अॅपची फाइल. त्यानं उघडली, आणि पुढचं विचारू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरला लगेच फोन केला म्हणून काही रक्कम अडली. सेटिंगमध्ये 'अनोळखी अॅप इन्स्टॉल' ही परवानगी व्हॉट्सअॅपसाठी आणि ब्राउझरसाठी बंद आहे का, ते आजच बघा.

न जमलेलंही सांगतो. झोपताना पडदा करडा करणारा बेडटाइम मोड चार दिवस टिकला. क्रिकेट करड्या रंगात बघवत नाही. आणि फोनच्या कंपनीनं आधीच घालून दिलेली काही अॅप निघतच नाहीत. त्यांच्या सूचना बंद केल्या, पण जागा अडवून बसलेत ते बसलेतच. कॅमेरा संध्याकाळी पूर्वीइतकाच वाईट. सेटिंगनं काच बदलत नाही.

आईच्या फोनवर अक्षरं सर्वांत मोठी केली आणि पहिल्या पडद्यावर फक्त चार फोटो ठेवले. फोटोला बोट लावलं की फोन लागतो. ती शाळेत गेली नाही, पण उभा जन्म खानापूरच्या बाजारात भाजी विकत गेला, त्यामुळे कन्नड माझ्याहून चांगलं. परवा वारसनोंदीचा शेवटचा कागद आला, तो मी तिच्यासमोर फोनकडून वाचून घेतला. तिनं वडिलांचं नाव ऐकलं, मग आपलं, मग आम्हा भावांची. म्हणाली, "परत लाव रे." तीनदा लावला.