तीन स्वेटर घ्यायचे तर कोणते?

माझ्या भाचीला नांदेडला नोकरी लागली. निघायच्या आधी तिनं विचारलं, "मावशी, थंडीसाठी अजून एक स्वेटर घेऊ का?" कपाट उघडलं तर चार होतेच. चारही ॲक्रिलिकचे, बंद गळ्याचे, राखाडी नाहीतर नेव्ही ब्लू. चार असूनही सोय एकाच तऱ्हेच्या दिवसाची. उत्साहानं कामाला निघायचं तरी तोच, ताप उतरल्यावर अंथरुणात बसायचं तरी तोच, आणि हळदीकुंकवाला जायचं तर स्वेटर घरी ठेवून कुडकुडत जायचं.

चार सारख्यांपेक्षा तीन वेगळे बरे, असं मला मनापासून वाटतं. आपण सणावाराच्या साड्या निवडताना मनाचा विचार करतो, मग स्वेटर घेतानाच फक्त थंडीचा का करावा?

आधी आकार

मराठवाड्याची थंडी तासांची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी उतरतो, पेपरात बातमी येते, आणि त्याच आठवड्यात दुपारी ऊन डोक्यावर घ्यावंसं वाटत नाही. म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न धाग्याचा नाही. स्वेटर काढता किती पटकन येतो, हा आहे.

बंद गळ्याचा स्वेटर ऊब चांगली धरतो, छाती पूर्ण झाकतो. कुणाशी बोलावंसं वाटत नाही, स्वतःत गुरफटून बसावंसं वाटतं, अशा दिवशी सैल, जाड, बोटांपर्यंत बाह्या येणारा बंद स्वेटर जो आधार देतो तो दुसऱ्या कशात नाही. पण बारा वाजता तो डोक्यावरून काढावा लागतो. केस विस्कटतात, आतला कुर्ता वर सरकतो, ऑफिसात चारचौघांत ते अवघड होतं. साडीवर तर तो नकोच, पदर आत कोंबला जातो.

पुढून बटणांचा स्वेटर सकाळी सातला पूर्ण लावा, दहाला उघडा, बाराला खुर्चीच्या पाठीवर टाका. साडी, पंजाबी ड्रेस, जीन्स, सगळ्यांवर बसतो. आपल्याकडे एकच घ्यायचा असेल तर मी डोळे मिटून हाच सांगेन. फक्त गाडीवर जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: कुठल्याही विणीतून वारा आरपार जातो. स्कूटीवर असाल तर वरून पातळ विंडचीटर हवाच.

बिनबाह्यांचा शर्टावर नीटनेटका दिसतो, पण पहाटेच्या एसटीत हात गारठतात. तो चौथा म्हणून घ्या.

मग धागा

दुकानात "लोकर" म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिकच असते. विणायला आणलेल्या गुंड्याचा बोटभर धागा जाळून पाहा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

ॲक्रिलिकचे गुण खरे आहेत. रंग झळझळीत मिळतात, धुवायला सोपं, किंमत हाताशी, आणि त्याला लोकरीसारखी कसर लागत नाही. पण ते घाम शोषत नाही, म्हणून दुपारी अंगाला चिकचिक होते. आपल्या कोरड्या हवेत काढताना चटचट ठिणग्या उडतात, आणि काखेत, मनगटाशी गोळे धरतात. हुरड्याला शेतात जाणार असाल तर मात्र ॲक्रिलिक अंगावर घेऊन आगटीजवळ बसू नका. निखाऱ्याची ठिणगी पडली की ते वितळतं. लोकर सहज पेट घेत नाही.

लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पिऊनही ओली वाटत नाही, म्हणून थंडी-उन्हाच्या खेळात ती अंगाला जड होत नाही. टोचते म्हणून लोक तिला नाकारतात, पण टोचणं तंतूच्या जाडीवर असतं. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू साधारण 24 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत असतो, तो गळ्याशीही सोसतो. 30 च्या पुढे गेला की खाज सुटते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी राखणीला रात्रभर पांघरायला उत्तम, पण तिचा स्वेटर उघड्या अंगावर कुणी घालणार नाही. लोकरीचं धुणं मात्र जपूनच. आईनं विणलेला माझा एक स्वेटर मी गरम पाण्यात घालून खसाखसा चोळला होता. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. स्वेटर आटून लहान मुलाच्या अंगाचा झाला. ते दुःख अजून आहे. गार पाणी, थोडा शाम्पू, पिळायचं नाही, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवायचं.

सुती विणीचा स्वेटर लोक विसरतात, आणि तेही कापूस पिकवणाऱ्या आपल्याच भागात! तो मऊ, न टोचणारा, दुपारीही अंगावर राहू शकणारा. कडाक्याच्या पहाटेला तो पुरत नाही, हे खरं. सूत लोकरीसारखं परत आकसत नाही, म्हणून कोपरावर पोक येतो आणि हँगरवर टांगला तर लोंबतो. घडी घालूनच ठेवावा. पण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या साध्या दिवसांना यासारखा सोबती नाही.

विकतचा की हातचा

थंडीत शहरांतून तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागतात, त्यांचा बराचसा माल लुधियानाचा असतो. तिथे शिवण आणि काखेची जोड उलटून पाहा, मनगटाची पट्टी ताणून सोडा. लगेच मिटली तर घ्या. हाताने विणायचं तर मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 400 ते 600 ग्रॅम लोकर लागते, आणि नोकरी सांभाळून दीड-दोन महिने सहज जातात. पैशात फार बचत होत नाही. पण मनगटापर्यंत नेमकी येणारी बाही आणि आपल्याला हवा तोच रंग विकत मिळत नाही.

रंगाचं मला फार वाटतं. मन खचलेलं असताना राखाडी घातला की अजून आत जाऊन बसतो. जानेवारीत करडईचं शेत फुलतं, तो पिवळा-केशरी अंगावर घेतला तर आपणच नाही, समोरचाही बोलायला लागतो. उलट मन शांत हवं असेल तर शेवाळी किंवा मातकट. काळा संक्रांतीलाही उपयोगी पडतो, साडीवर बटणांचा काळा स्वेटर असला तर ओवसायला जाताना कुडकुडावं लागत नाही.

भाचीसाठी शेवटी असं ठरलं: रोजच्याला काळा सुती, पुढून बटणांचा; घरातल्या जड दिवसांना मऊ लोकरीचा, बंद, शेवाळी, दोन मापं मोठा. जुन्या चारांतले तीन कामाच्या मावशींच्या मुलींनी आवडीनं नेले, एक रात्रीच्या प्रवासाला राहिला. नव्यांतला तिसरा करडईच्या रंगाचा. तो ती स्वतः विणते आहे, एक सुलट एक उलट. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, बाह्यांचे टाके परवाच उचललेत. वेळा अमावस्येला शेतात तोच घालून येणार म्हणते.