ट्रेकिंगचे बूट वर्षभर वापरून: केदारकंठ्यावर पास, कुसळापुढे नापास

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला. बागेत तुंबलेलं पाणी काढून द्यायला गेलो आणि उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. घरी पोचेपर्यंत फटफट वाजत होता. बाबा ओसरीत बसले होते. "साडेसा हजाराचे हायेत ना थे?" एवढंच म्हणाले.

तर हे रागात लिहायला घेतलंय, आधीच सांगतो. घोट्यापर्यंत येणारे, आत वॉटरप्रूफ मेम्ब्रेन (पाणी अडवणारा आणि वाफ सोडणारा पातळ पडदा), खाली जाड रबर. बाकीचं सगळं विकणाऱ्याच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही.

चांगलं आधी. बूट घेतले होते केदारकंठ्यासाठी. उत्तराखंडातलं शिखर, उत्तरकाशी जिल्हा, उंची साधारण १२,५०० फूट. देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत सांकरीला पोचायला अख्खा दिवस जातो. वाटेत नैटवाडला रुपिन आणि सुपिन मिळून टोन्स नदी होते. सांकरी हे पायथ्याचं गावच ६,४०० फुटांच्या आसपास. कळसूबाई १,६४६ मीटर (साधारण ५,४०० फूट), म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक या गावाच्याही खाली राहतं. आमचा वैराटचा डोंगर, ज्याच्यावर आम्ही मेळघाटवाले एवढा भाव खातो, तो ११७८ मीटर. त्याचं तर नावच काढू नका.

आम्ही एप्रिलमध्ये गेलो. वाटेतल्या जूडा का तालाब या तळ्यापर्यंत देवदार आणि ओकची झाडी, वाट ओली, मुळ्याच मुळ्या. तळ कुठे घसरला नाही. पुढे झाडी विरळ होत जाते, मग संपतेच, आणि बुग्याल सुरू होतं. झाडं जगू शकत नाहीत त्या उंचीवरच्या गवताळ कुरणाला तिकडे बुग्याल म्हणतात. एप्रिलात त्यातलं बरंचसं बर्फाखालीच होतं. माथ्याकडे अंधारात निघतात, कारण पहाटे बर्फ टणक असतो आणि मायक्रोस्पाइक (बुटाखाली चढवायचे धातूचे काटे) त्यात रुततात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत. उतरताना आमचं तेच झालं. गेटर (बुटाच्या गळ्यावरून पोटरीपर्यंत चढवायचं कापडी आवरण) होते, बूट होते, मोजे कोरडे राहिले. माथ्यावरून स्वर्गारोहिणी (६,२५२ मीटर), बंदरपूंछ (६,३१६) आणि काळानाग (६,३८७) दिसले. तिथे उभं असताना पायांची एकदाही आठवण आली नाही. साडेसहातले पाच हजार तिथेच वसूल.

मग गावी येऊन रडतोय कशाला?

एक तर घाम. मेम्ब्रेन आतली वाफ बाहेर सोडतं हे खरं, पण त्यासाठी आत उबदार-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असावं लागतं. उंचीवर ते आपोआप मिळतं. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आमचं गाव पावणेचारशे मीटरवर, म्हणजे केदारकंठ्याचा माथा निव्वळ उंचीमुळेच बावीसेक अंशांनी थंड. इथे भाद्रपदात बाहेरची हवा बुटातल्या हवेइतकीच ओली असते, वाफ जाणार कुठे? नवे असताना हेच बूट घालून नरनाळा किल्ल्यावर गेलो होतो. पावसाचा थेंब आत आला नाही, पण उतरल्यावर मोजे पिळले तेव्हा त्यातून निघालेलं सगळं माझंच होतं.

हे एक वेळ चालवून घेतो. कुसळ नाही चालवून घेत.

दिवाळीनंतर आमच्याकडे माळावरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं सुटतात. या बुटाच्या गळ्याशी जे मऊ, गुबगुबीत जाळीचं कापड लावलंय, ते कुसळं धरण्यासाठीच विणलंय की काय अशी शंका येते. कुसळाची रचना तर तुम्हाला माहीत आहे: पुढे टोक, टोकावर उलटे केस आणि मागे लांब शेपूट. ती शेपूट दमटपणा बदलला की पीळ घेते आणि टोक आत-आत रुतवते. निसर्गाने हे बी जमिनीत पेरायला केलंय. इथे ते माझ्या घोट्यात पेरलं जातं. गाविलगडाच्या दरवाजापर्यंत जाऊन आलो की संध्याकाळचा एक तास चिमटा घेऊन बसायचं. वरून बूट साफ दिसतो. आतल्या अस्तरात घुसलेलं कुसळ दुसऱ्या दिवशी पाय घातल्यावरच कळतं. विकत घेण्याआधी मी या बुटांबद्दल मिळेल ते वाचलं होतं. पकड, वजन, रंग, लेस, सगळं होतं. कुसळाबद्दल कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही! हे सगळे लोक चढतात तरी कुठे? बुटाच्या गळ्याला जाळीऐवजी साधं गुळगुळीत कापड लावायला कंपनीला असा किती खर्च येणार होता? शेवटी जुन्या जीन्सच्या पायाचे तुकडे कापून, खालीवर इलास्टिक घालून घरीच गेटर शिवून घेतले. ऐंशी टक्के कुसळं थांबली. उरलेली वीस टक्के अजून माझ्यावर दात धरून आहेत.

आणि हेच कुसळ वॉरंटीच्या आड आलं. तळ सुटल्यावर अमरावतीला दुकानात गेलो, बिल सोबत होतं, वॉरंटी संपायला वेळ होता. काउंटरवरच्या मुलाने बूट फिरवून पाहिला, अस्तरातून एक कुसळ ओढून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "सर, हे ट्रेकिंगचं नाही, शेतातलं आहे."

मी म्हटलं, "दादा, गाविलगडावर काय गालिचा अंथरलाय का?"

नियम असा निघाला की 'रफ यूज' वॉरंटीत बसत नाही. ट्रेकिंगच्या बुटांना! मॅनेजर आले, फोटो काढले, वरच्या ऑफिसला मेल गेला, काही आठवड्यांनी उत्तर आलं: नाही. आणि समजा, घातले बागेत. साडेसहा हजारांची वस्तू कपाटात ठेवून हळद-कुंकू वाहायचं का?

तळ का सुटला ते मग मीच शोधलं. तळ सुटण्याचे दोन प्रकार असतात. एकात मधला पॉलियुरेथेनचा फोम ओलाव्याने कुजतो. बूट नुसते पडून राहिले तरी हे होतं. अंगठ्याने दाबला की भुगा पडतो. असे बूट टाकूनच द्यायचे. दुसऱ्यात फोम शाबूत असतो, फक्त चिकटवलेला थर उष्णतेने ढिला पडतो आणि तळ सोलल्यासारखा स्वच्छ निघतो. माझा हा दुसरा. बुटाच्या खोक्यावर छापलंय, 'थंड व कोरड्या जागी ठेवा'. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, टिनाखालच्या खोलीत त्याहून वर. त्या दिवसांत घरातली थंड जागा एकच, कूलरसमोरची, आणि तिथे आधी माणसांचा नंबर लागतो. नागपूर-अमरावतीत माल विकणाऱ्यांनी गोंद निवडताना हे धरायला नको का?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, दोन स्टार देऊन. टाकायचं राहून गेलं. आता दिवाळी होऊन गेली आणि मत थोडं हललंय.

परतवाड्याला बसस्टँडजवळ एक मोची बसतात. त्यांनी तळ उलटवून पाहिला, फोम दाबला. "भाऊ, निसतं सोल्युशन लावून नाही भागत. याले टाकाच मारा लागते." मी म्हटलं, टाका मारला की वॉटरप्रूफ जाईल ना? म्हणाले, "मंग पाण्यात नोका जाऊ." दीडशे रुपयांत दोन्ही बूट गोलाकार शिवून दिले. उजवा सुटला म्हणजे डावाही सुटणार, हे त्यांनी न विचारता ठरवलं होतं.

अपेक्षेप्रमाणे टाक्यांच्या भोकांतून पाणी येतं. सकाळच्या दवात बोटं ओली होतात. पण तळ हललेला नाही. वैराटला जाऊन आलो, बागेत रोज वापर चालू आहे, रबराचे खोबण अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. घोटा मुरगळला नाही. दोनाचे साडेतीन स्टार करतो. कापलेला दीड कुसळाचा आहे, त्यात सूट नाही.

घेणाऱ्यांसाठी मापाचं सांगतो. संध्याकाळी, जाड मोजे घालून मापा, आणि एक नंबर मोठाच घ्या. चढताना काही कळत नाही, उतरताना अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. आमच्यातल्या एकाचं पडलं.

भाचा येत्या डिसेंबरात केदारकंठ्याला निघालाय आणि माझ्या बुटांकडे बघतोय. शिवलेले बूट बर्फात चालणार नाहीत. नवे घेऊ का म्हणून विचारत होता. त्याला सांगितलं, एकदाच जाणार असशील तर सांकरीत बूट, गेटर, मायक्रोस्पाइक सगळं भाड्याने मिळतं; मोजे तेवढे घरून ने.