राडारोडा न्यायला कंटेनर भाड्याने घेतला, उंटवाडीतला अनुभव

आमचा फ्लॅट नाशिकला उंटवाडीत, बिल्डिंग 1994 ची, दुसरा मजला, लिफ्ट नाही. यंदा किचन आणि दोन्ही बाथरूम फोडून नव्याने केले आणि त्यातून जो राडारोडा निघाला तो न्यायला दोन वेगवेगळ्या लोकांना बोलावलं, पहिल्याचा अनुभव इतका वाईट आणि दुसऱ्याचा इतका चांगला की लिहायलाच बसले. नाव दोघांचंही टाकत नाहीये, पण फोनवर काय विचारायचं आणि दारात गाडी आली की काय बघायचं ते सगळं सांगते, म्हणजे तुम्ही कुणालाही बोलावलं तरी माणूस पारखता येईल.

आधी पहिल्याचं. घंटागाडीवाले डेब्रिज घेत नाहीत हे माहीत होतंच, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टर म्हणाला माझ्या ओळखीचा ट्रॅक्टरवाला आहे, ट्रॉलीला 1800 घेईल. मी विचारलं दादा नेऊन टाकणार कुठे, तर म्हणाला ताई ते टेन्शन तुम्ही नका घेऊ. आणि मी खरंच नाही घेतलं. रात्री साडेनऊला ट्रॉली भरली, ताडपत्री नाही काही नाही, गेटपासून कोपऱ्यापर्यंत सिमेंट सांडत गेली. चार दिवसांनी सकाळी फिरायला गेले तर नासर्डीच्या काठाला नवीन ढीग दिसला आणि त्यात आमच्या किचनची टाइल. क्रीम रंगाची, मधोमध काळ्या द्राक्षांचा घड, आणि कोपऱ्यात मिक्सरची वायर जायला पाडलेलं भोक. ते भोक बाबांनी घरी बसून पाडलेलं, थोडं वाकडं, त्यामुळे दुसऱ्या कुणाची असणं शक्यच नाही. मला तिथे उभं राहून रडू आलं हो. ही नदी पुढे टाकळीला गोदावरीला मिळते, आपण पूर आला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला ते बघायला जातो आणि नदीचं पात्र अरुंद करायला आपल्याच घरचा मलबा पाठवतो. पैसे मी दिलेले, म्हणजे टाकला मीच.

2016 च्या बांधकाम राडारोड्याच्या नियमांतच सरळ लिहिलेलं होतं की ज्याच्या घरातून निघाला त्याने तो आपल्या जागेत वेगळा करून ठेवायचा, रस्त्यावर किंवा नाल्यात जाऊ द्यायचा नाही, आणि योग्य ठिकाणी पोचवायचा. म्हणजे ट्रॅक्टर सुटला की आपण सुटलो असं नसतं.

दोन्ही बाथरूम अजून फोडायचे बाकी होते. मग शोधून हा दुसरा सापडला, लोखंडी कंटेनर दारात आणून ठेवतो, तीन दिवस तुम्ही भरायचा, मग येऊन उचलून नेतो. महापालिकेचे कचऱ्याचे डबे उचलणारी दोन हातांची गाडी बघितली असेल, डंपर प्लेसर, तसलीच. तीन दिवसांचे 5500. ट्रॉलीपेक्षा महाग वाटलं, पण दोन ट्रॉल्या आणि वर मजुरांचं पुन्हा भरायचं काम धरलं तर फार फरक पडत नाही.

फोनवर त्याने रेट सांगायच्या आधी मला प्रश्न विचारले. काय काय निघणार, विटा का काँक्रीट, अंदाजे किती ब्रास, गेट किती फुटी, वरून महावितरणची वायर किंवा केबल जाते का, आणि पार्किंगमध्ये जमिनीखाली पाण्याची टाकी आहे का. शेवटचा प्रश्न मला कधी सुचला नसता.

गाडी आली त्या दिवशीचं सांगते. चालवणारे काका पन्नाशीचे असतील, उतरले ते हातात पहार घेऊनच. आमचे चेअरमन म्हणत होते गेटच्या डाव्या बाजूला ठेवा, तिथे कुणाची गाडी लागत नाही. काकांनी काही न बोलता तिथे पहारीचं टोक तीन चार ठिकाणी आपटलं, मग उजवीकडे आपटलं, आणि मला म्हणाले ताई तुम्हीच ऐका. उजवीकडे बद्द आवाज, डावीकडे घुमल्यासारखा, पोकळ. खाली टाकी होती. तिथे कुणी गाडी लावत नाही कारण जुन्या लोकांनी सांगून ठेवलेलं, का ते नवीन लोक विसरून गेलेले. काका म्हणाले टाकीवर मी ठेवणार नाही, पाहिजे तर डबा परत नेतो, भाडं नका देऊ. चेअरमननी बराच वाद घातला पण हे हलले नाहीत. मला वाटतं या धंद्यात चांगला माणूस ओळखायची हीच खूण आहे, समोर गिऱ्हाईक असताना नाही म्हणता येणं.

वजनाचा हिशोब त्यांनी तिथेच उभ्या उभ्या समजावला आणि तो आपल्याला माहीत पाहिजे. डबा साडेचार घनमीटरचा, म्हणजे दीड ब्रासपेक्षा थोडा जास्त. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि फोडलेल्या विटा प्लास्टरचा एक ब्रास साडेतीन चार टनांच्या घरात जातो. म्हणजे तोंडापर्यंत भरला तर सहा टनांच्या आसपास, वर लोखंडी डब्याचं वजन वेगळं, आणि डावीकडे ठेवला असता तर हे सगळं टाकीच्या स्लॅबवर उभं. काँक्रीट असेल तर अजून जड, पावसात भिजला तर अजून. म्हणून आतून पिवळी रेघ मारलेली होती, त्याच्या वर एक घमेलं पण नाही. आमचे मजूर म्हणत होते दाबून भरू, कडेला फळ्या उभ्या करून उंची वाढवू, तर काकांनी सरळ सांगितलं की फळ्या लावलेल्या दिसल्या तर उचलणार नाही, उचलताना डबा तिरका होतो आणि वरचं पहिलं घरंगळतं, खाली कोण उभं असेल सांगता येत नाही. शिवाय रस्त्यावर ओव्हरलोड पकडला तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 20000 दंड आणि जादाच्या प्रत्येक टनाला 2000.

डब्याखाली चार लाकडी ओंडके टाकले, पेव्हर ब्लॉकवर वजन पसरावं म्हणून. ड्रेनेजच्या चेंबरपासून आणि गॅसच्या पाइपपासून लांब, आणि जिन्याची वाट मोकळी. चारी कोपऱ्यांना चमकणारी पट्टी होती ते मला आवडलं, आमच्याकडे रात्री पार्किंगचे दिवे अर्धे बंदच असतात.

रस्त्यावर ठेवता येईल का असं मी विचारलेलं, आत जागा कमी म्हणून. म्हणाले महापालिकेची आणि ट्रॅफिकची लेखी परवानगी आणा मग ठेवतो, नाहीतर नाही. माझा दीर इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, तिकडे याला स्किप म्हणतात आणि घरोघरी वापरतात, त्याला सांगितलं तर म्हणाला इकडे पण तेच, रस्त्यावर ठेवायचा तर कौन्सिलची परवानगी लागते, 1980 पासूनचा कायदा आहे, रात्री दिवा लावायचा आणि डब्यावर मालकाचं नाव नंबर लिहिलेला पाहिजे. तिकडे माती विटांसाठी 8 यार्डापेक्षा (म्हणजे घनयार्ड) मोठा स्किप देतच नाहीत, वजनामुळेच. आपला साडेचार घनमीटर म्हणजे त्यांचा साधारण 6 यार्डाचा.

आता काय टाकायचं नाही. ओला कचरा नाही, रंगाचे डबे थिनर नाही, बॅटऱ्या नाहीत, ट्यूबलाइट नाहीत कारण त्यात पारा असतो, छोटा गॅस सिलेंडर तर अजिबात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने सिमेंटचे पत्रे. आमच्या मागच्या गॅलरीवर दोन होते, मजूर घणाने फोडून डब्यात टाकायला निघालेला. काकांनी आधीच बजावून ठेवलेलं म्हणून मी धावत जाऊन थांबवलं. या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फोडलं कापलं की बारीक तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात, कॅन्सर होतो आणि तो वीस तीस वर्षांनी कळतो. ते पाणी मारून, नट ढिले करून अख्खे उतरवले, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि वेगळे ठेवले. ज्यांच्या गच्चीवर असे पत्रे आहेत त्यांनी कृपा करून हे लक्षात ठेवा.

लोखंड, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, दरवाजाच्या चौकटी आधीच काढून भंगारवाल्याला दिल्या, त्यामुळे डब्यात जागा वाचली आणि मलबा स्वच्छ राहिला. अख्ख्या निघालेल्या विटा समोरच्या वॉचमनने गावी न्यायला मागितल्या.

आमच्या बाजूने दोन गोष्टी चुकल्या. एक म्हणजे मजूर साध्या चपलेवर काम करत होता आणि चौकटीचा खिळा त्याच्या पायात घुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला मीच घेऊन गेले. बूट, हातमोजे, मास्क कॉन्ट्रॅक्टर देईल असं धरून बसू नका, स्वतः आणून द्या, टाइल फोडतानाच्या धुळीत सिलिका असते आणि ती माणसं रोज तीच धूळ खातात, फोडायच्या आधी पाणी मारायला सांगा. दुसरी चूक, पहिल्या संध्याकाळी डबा उघडा राहिला आणि खालची तीन पोरं त्यात उतरून टाइलचे तुकडे वेचत होती. माझ्या छातीत धस्स झालं. त्यानंतर रोज काम थांबलं की ताडपत्री घट्ट बांधायची, आणि सकाळी भरायच्या आधी खाली वर बघायचं, एकदा खाली मांजर बसलेली.

उचलायला आले तेव्हा काकांनी गेटवर एक माणूस उभा केला, सगळ्यांना पंधरा वीस फूट मागे सरकवलं, वर वायर परत एकदा बघितली आणि मगच साखळ्या लावल्या. ताडपत्री बांधूनच गाडी गेटबाहेर पडली, रस्त्यावर खडा सांडला नाही. संध्याकाळी वजनकाट्याची पावती आणि जिथे रिकामा केला तिथला फोटो पाठवला, एका प्लॉटवर भरावासाठी हवा होता, त्या मालकाचं लेखी पत्रसुद्धा. हे मी फोनवरच मागून ठेवलेलं, तुम्ही पण मागा.

तक्रारी पण आहेत. सकाळी दहाची वेळ दिलेली आणि आले तीनला, मजूर अर्धा दिवस बसून राहिले, त्यांची हजेरी मला पडली. चौथ्या दिवसाचे 700 जादा लागतात हे आधी सांगितलं नव्हतं. ओंडके टाकूनही दोन पेव्हर ब्लॉक तडकले, ते मात्र त्यांनी आठवड्याभरात स्वतः बदलून दिले. पाचपैकी चार देईन मी.

द्राक्षाची टाइल मी त्या दिवशी ढिगातून काढून घरी आणली होती, आईला दाखवली, ती बराच वेळ त्या भोकावरून बोट फिरवत होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं काम दिवाळीनंतर आहे, त्यांनी याच लोकांना सांगितलंय. त्याच्या आधी मी आणि चेअरमननी मिळून टाकीची चौकट पार्किंगमध्ये पिवळ्या ऑइलपेंटने आखून घेतली, पहारीने वाजवून वाजवून, आठ फूट बाय बारा फूट भरली.