कूल्ड कॅमेरा सेकंडहँड घेताय? आधी माझे 54,500 कसे गेले ते वाचा

लिहू की नको करत दोन महिने गेले. पण परवा कुडाळच्या मित्राने एक स्क्रीनशॉट पाठवला, मला फसवणारा तोच माणूस दुसऱ्या ग्रुपवर दुसऱ्या नावाने परत विकायला बसलाय, ते बघून गप्प बसवेना. म्हणून जसं झालं तसं सगळं लिहितोय. लांब होईल, पण अॅस्ट्रोफोटोग्राफीचं, म्हणजे तारे-आकाशाचे फोटो काढायचं सामान सेकंडहँड घ्यायचं डोक्यात असेल तर पूर्ण वाचा.

मी देवगड तालुक्यातला, घरची हापूसची कलमं आहेत. मुंबईत नोकरीला होतो तेव्हा वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला गेलेलो, तिथे पहिल्यांदा देवयानी आकाशगंगा बघितली. दुर्बिणीत नुसता धुरकट पुंजका, पण तो 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे असं कुणीतरी सांगितलं आणि मी तिथेच अडकलो. गावी परत आल्यावर जुना डीएसएलआर, 135 एमएमची लेन्स आणि तारे सरकतात तसा कॅमेरा फिरवणारा एक छोटा ट्रॅकर घेऊन गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जायला लागलो. कातळावर ट्रायपॉड पक्का बसतो, आजूबाजूला वस्ती नाही, पश्चिमेला सगळा समुद्र. एलईडीवाल्या बोटी आल्या तर त्या बाजूचं आकाश पांढरं होतं, बाकी अंधार पुण्या-मुंबईच्या माणसाला हेवा वाटेल असा. देवयानीची लांबी आकाशात जवळजवळ तीन अंश, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढे होतील तेवढी, त्यामुळे तिला मोठी दुर्बीण लागतच नाही, त्या लेन्समध्ये ती सुंदर येते.

नेब्युलाचं, म्हणजे अवकाशातल्या वायूच्या ढगांचं, मात्र जमत नव्हतं. हायड्रोजनचा लाल उजेड 656.3 नॅनोमीटरचा असतो आणि साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर तो बराचसा अडवतो, म्हणून रोझेट नेब्युला काढला तरी फिकट गुलाबी डाग येतो. दुसरं म्हणजे आपल्या कोकणातली गरम हवा. ऑक्टोबरच्या रात्री सड्यावर 24-25 अंश असतात, कॅमेरा आतून आणखी तापतो, आणि सेन्सर दर सहा-सात अंशाने तापला की त्याचा डार्क करंट, म्हणजे उजेड नसतानाही उष्णतेने येणारा खोटा सिग्नल, साधारण दुप्पट होतो. चार मिनिटांच्या फ्रेममध्ये लाल-निळे ठिपके नुसते पेरल्यासारखे. लडाखवाल्याला कदाचित साध्या कॅमेऱ्यात चालून जाईल, आपल्याला उणे 10 पर्यंत थंड होणारा कूल्ड कॅमेरा लागतोच. नवीन घ्यायचा तर लाखाच्या आसपास जातो. आंब्याच्या पैशातले थोडे थोडे बाजूला काढून माझ्याकडे पन्नास-साठ हजार जमलेले.

सप्टेंबरच्या शेवटी, अजून पाऊस चालू होता, एका ग्रुपवर पोस्ट आली. 9 मेगापिक्सेलचा चौकोनी सेन्सरवाला कूल्ड कॅमेरा, एक सीझन वापरलेला, 48 हजार, परदेशात बदली झाल्यामुळे विकतोय. मी मेसेज केला. माणूस मराठी, स्वतःला पुण्याचा म्हणवणारा, मला पहिल्या दिवसापासून दादा म्हणायला लागला. आणि त्याला या विषयातलं कळत होतं हो. गेन (सेन्सरचा सिग्नल वाढवायची सेटिंग) 100 ला ठेवा दादा, तिथे रीड नॉइज (सेन्सर वाचताना येणारा गोंगाट) एकदम खाली येतो, असं त्याने स्वतःहून सांगितलं आणि ते बरोबरच आहे. फ्लॅट (कडांचा काळेपणा, धुळीचे डाग काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) कसे घ्यायचे, डिदरिंग (दर फ्रेमला कॅमेऱ्याचा रोख किंचित सरकवणं) का करायचं, समुद्राकाठी दव पडतं म्हणून लेन्सला हीटरची पट्टी बांधा, तासतासभर बोलायचा. आमच्या गावात या गोष्टी बोलायला मला एक माणूस नाही. जो माणूस डिदरिंगवर एवढं मनापासून बोलतो तो चोर कसा असेल, असं मी धरून चाललो, आणि फसलो ते इथेच. पैसे नंतर गेले.

कॅमेऱ्याने काढलेला फोटो दाखवा म्हटलं तर त्याने एक नेब्युला पाठवला. लालसर-निळा, मधे पांढराशुभ्र गाभा आणि त्यातून चारी बाजूंना कोळ्याच्या पायांसारखे तंतू फुटलेले. पुण्याजवळच्या वेल्ह्याकडच्या एका फार्महाऊसवरनं, 400 एमएमच्या रिफ्रॅक्टरवर, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीवर काढलाय म्हणाला. फोटो इतका देखणा की मी तो आईलासुद्धा दाखवला. आता एक गोष्ट मला त्याच दिवशी खटकली होती. मोठ्या ताऱ्यांवर चार टोकांचा क्रॉस होता. तसा क्रॉस येतो तो आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीत, कारण तिथे पुढचा छोटा आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या उजेडाच्या वाटेत येतात, रिफ्रॅक्टरमध्ये पट्ट्याच नसतात. मी विचारलं. तो म्हणाला, दादा ते मी सॉफ्टवेअरमध्ये टाकलेत, बायकोला आवडतात. लोक टाकतात तसे, खोटं नाही ते. मी पुढे काही विचारलं नाही.

मग 10,000 ॲडव्हान्स. यूपीआयवर नाव वेगळंच आलं, तर म्हणाला मेहुणीचं खातं आहे, माझं केवायसी अडकलंय. दोन दिवसांनी कुरियरची पावती आली, बॉक्सचा फोटो, त्यावर माझं नाव-पत्ता मार्करने लिहिलेला. तो बॉक्स बघून मी उरलेले 38,000 पाठवले. संध्याकाळी परत फोन, महागडं इलेक्ट्रॉनिक सामान आहे म्हणून कुरियरवाले इन्शुरन्स मागतायत, 6,500, डिलिव्हरीला परत मिळतात. तेही दिले. सहाव्या दिवशी आणखी 9,000 टॅक्सचे मागितले तेव्हा पोटात खड्डा पडला.

आई ओट्यावर बसून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, "रे झिला, त्या माणसाक तू बघलंस तरी काय?" मी नाही म्हटलं. "मगे नुसते फोटो बघून पैशे दिलंस?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कलमांवर फवारणीला, राखणीला तिने वर्षभर काढलेली दगदग मला माहीत आहे, त्यातलेच ते पैसे.

त्या रात्री झोप लागेना म्हणून तो फोटो मी प्लेट सॉल्व्हिंगला टाकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ॲस्ट्रोमेट्री डॉट नेट म्हणून फुकट सोय आहे, कुठलाही ताऱ्यांचा फोटो टाका, ती ताऱ्यांच्या जागा जुळवून फोटो आकाशातला नेमका कुठला तुकडा आहे ते सांगते. थोड्या वेळात उत्तर आलं. डेक्लिनेशन, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे 69 अंश, म्हणजे पार दक्षिणेला. टॅरंट्युला नेब्युला. तो आपल्या आकाशगंगेतलासुद्धा नाही, मोठ्या मॅगेलनिक मेघातला, 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षं लांब. आणि आपल्याकडून तो किती वर येतो याचं गणित शाळेतल्या पोराला जमेल. 90 मधून आपला अक्षांश वजा करायचा, मग तो 69 वजा करायचा. देवगडला साडेचार अंश. पुण्याहून जेमतेम अडीच. वेल्ह्यात दक्षिणेला डोंगर, वर धुरकट हवा, अडीच अंशावरच्या वस्तूचा असा कापल्यासारखा स्वच्छ फोटो कुणी काढूच शकत नाही. मी स्वतः मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरनं कॅरिना नेब्युला काढतो, तो 14 अंशांपर्यंत वर येतो, तरी समुद्राच्या बाष्पातून काढताना दम निघतो. हे सगळं मला माहीत होतं. फोटो आला त्याच दिवशी पाच मिनिटं खर्च केली असती तर एक रुपया गेला नसता.

मूळ फोटो शोधल्यावर ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी माणसाचा निघाला, मोठ्या न्यूटोनियनने काढलेला, म्हणजे ते क्रॉस खरेच होते. त्याला मेल केला, त्याने उलट माझीच विचारपूस केली. फोटोच्या कोपऱ्यातलं त्याचं नाव चोराने कापून टाकलेलं होतं.

यानंतर माझी दुसरी चूक झाली, ती तुम्ही करू नका. लाजेने चार दिवस मी कुणाला बोललो नाही. नंतर 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात स्टेटमेंट, स्क्रीनशॉट, सगळे व्यवहार क्रमांक दिले. तोवर 48,000 दोन-तीन खात्यांतून फिरून काढून घेतलेले. शेवटचे 6,500 तेवढे एका खात्यात होल्ड झालेत, तेही अजून हातात आलेले नाहीत. त्याच रात्री फोन केला असता तर 38,000 पण कदाचित अडकले असते. 1930 ला फोन करायला पुराव्यांची फाईल लागत नाही, लगेच करा, रात्री असेल तर रात्री, घरच्यांना सांगायच्याही आधी.

आता विकणाऱ्याला काय विचारायचं ते. फोटोच्या मूळ फाईलमध्ये हेडर म्हणून आपोआप नोंदलेली माहिती असते, त्यात कॅमेऱ्याचं नाव, तारीख, सेन्सरचं तापमान असतं, ते मागाच, पण नुसत्या हेडरवर भरवसा ठेवू नका, तो खोटा करता येतो. आकाश खोटं करता येत नाही. गुरू आकाशात असेल तर त्याला म्हणा, आज रात्री गुरूचा एक फोटो काढ, गुरू जास्त उजेडाने नुसता पांढरा आला तरी चालेल, मला फक्त चार चंद्र दिसले पाहिजेत. आयो तर साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे चौघांची मांडणी तासातासाला बदलते. तुम्ही घरी स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच वेळ लावून जुळवा. जुन्या किंवा चोरलेल्या फोटोत ती मांडणी त्याला मिळणं फार अवघड. गुरू नसेल तर एखादा तारकागुच्छ तुम्ही निवडून सांगा, त्याला निवडू देऊ नका, आणि कॅमेरा मुद्दाम तिरका धरायला सांगा, म्हणजे तयार फोटो चालणार नाही. चांगल्या विकणाऱ्याला याचा राग येत नाही.

तो म्हणेल ढग आहेत. पावसाळ्यात ते खरंही असतं, आणि मला वाटतं असली माणसं म्हणूनच पावसाळ्यात विकायला येतात, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांना कुणी आकाश दाखव म्हणू शकत नाही. पण कूल्ड कॅमेऱ्याला आकाश लागत नाही. टोपी लावून टेबलावर ठेवा, लॅपटॉपला जोडा आणि व्हिडिओ कॉलवर उणे 10 पर्यंत थंड करून दाखवा म्हणायचं. काही मिनिटांत आकडा खाली येतो, पंखा ऐकू येतो, सिरियल नंबर कॅमेऱ्यासमोर धरायला लावायचा. माझ्यावाल्याला मी व्हिडिओ कॉल म्हटलं होतं तेव्हा त्याच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला होता. आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर कारण कितीही पटो, थांबा.

मित्राकडून उसने घेऊन डिसेंबरमध्ये शेवटी कोल्हापूरच्या एका काकांकडून कॅमेरा घेतला. गगनबावड्यामार्गे एसटीने गेलो, त्यांच्या गच्चीवर बसून मृगाच्या 30 सेकंदांच्या दहा फ्रेम काढल्या, शहराच्या उजेडातसुद्धा लाल रंग आला. मग पैसे दिले, तेही त्यांच्याच नावाच्या खात्यावर. काकूंनी पोहे दिले, आणि अंधार पडल्यावर घाटातून जाऊ नको म्हणून रात्री ठेवून घेतलं.

आता त्या स्क्रीनशॉटबद्दल. या वेळी माउंट (दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणारं स्टँड) विकायला काढलाय, 65 हजार, ठिकाण नाशिक सांगतोय. फोटो तोच आहे, फक्त आडवा होता तो उभा केलाय आणि रंग जरा हिरवट केलाय. ओळखायची खूण म्हणजे मधे पांढरा गाभा, त्यातून फुटलेले कोळ्याच्या पायांसारखे तंतू आणि डाव्या बाजूच्या मोठ्या ताऱ्यावर चार टोकांचा क्रॉस. हा फोटो दाखवून महाराष्ट्रातनं काढलाय असं कुणी म्हणत असेल तर एक पैसा देऊ नका आणि त्याचे मेसेज डिलीट करू नका, माझ्या तक्रारीला जोडायला ते उपयोगी पडतील.