रंगावरून भांडत राहिलो, तोवर लाकूड गेलं

जुन्या गाडीचं काम घेणारा माणूस रंगात फसवेल, ही भीती सगळ्यांनाच असते. पुट्टी जाड थापेल, हलका पेंट मारेल, महिनोन् महिने लांबवेल. आमच्या बाबतीत हे सगळं झालंच. पण खरा हात त्याने मारला तो आतल्या लाकडावर, आणि तोही आम्ही रंगावरून तावातावाने भांडत असताना.

गाडी काकाजींची. १९९६ची मर्सिडीज ई-२२०, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू-१२४ मॉडेल. पुण्याजवळ पिंपरीत टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) कारखान्यात १९९५मध्ये मर्सिडीज जोडायला सुरुवात झाली, त्या सुरुवातीच्या काळातली. काकाजींची नागपूरच्या लकडगंजात आरामशीन होती. इंजिन पाहून नाही, आतलं झेब्रानो पाहून यांनी गाडी घेतली, असं काकू अजून बोलून दाखवते. झेब्रानो हे कॅमेरून-गॅबॉनकडचं लाकूड, फिक्या अंगावर गडद तपकिरी पट्टे असलेलं. गाडीत ते भरीव नसतं. मिलिमीटरपेक्षाही पातळ वेनिअर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, आणि त्यावर जाड लॅकर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, बंद गाडी उन्हात उभी राहते आणि लॅकर तडकतं. खालचं लाकूड बहुतेक वेळा शाबूतच असतं. आमचंही होतं.

कामठी रोडकडच्या एका गॅरेजवाल्याचं नाव कोणीतरी सुचवलं. शेडमध्ये एक चकाचक जुनी गाडी उभी होती, ती आपणच केली म्हणाला. "टेन्शनच घेऊ नका भाऊ, शोरूममधून निघाली होती तशी करून देतो." कोटेशन एका ओळीचं: फुल बॉडी पेंट आणि इंटिरिअर वुड पॉलिश, ३ लाख ४० हजार. २ लाख ॲडव्हान्स. पॉलिश या एका शब्दात काय काय बसवता येतं, ते पुढे कळलं.

आठवडाभरात सीट, दारांचे पॅड, बीडिंग, लाकडाच्या पट्ट्या सगळं सुटं झालं. गाडी अशी उघडली की मालकाच्या हातात काही उरत नाही. न्यायची म्हटली तरी टोइंग लागतं आणि निम्मे भाग त्याच्या कुलपात असतात. नेमका तेव्हाच फोन आला, "खालून पत्रा सडून राहिला भाऊ, ४० हजार अजून लागन." दिले.

रंगाचा कोड बॉनेटखालच्या पाटीवर होता, ९०४, गडद निळा. त्या कोडने टू-के पेंट, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा, मिक्स करून मिळतो. यानेही तेच सांगितलं होतं. गाडी पाहायला गेलो तर सावलीत ठीक, उन्हात मात्र डिकीच्या आतल्या मूळ रंगाशी मेळच नाही आणि छतावर पांढुरकी झाक. पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घेऊन बाजूच्या कोपऱ्यात घासलं, फडकं निळं झालं. पक्का वाळलेला टू-के असा उतरत नाही. हा एनसी होता, म्हणजे हार्डनरशिवाय नुसतं थिनर उडून वाळणारा पेंट, तोही ऐन पावसाळ्यात पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये मारलेला. दमट हवेत एनसी मारला की अशी झाक धरतेच. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या मित्राकडून जाडी मोजायचं मीटर आणलं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. दारांखालच्या पट्टीवर आकडा हजाराच्या पुढे गेला, म्हणजे सडलेला पत्रा कापलाच नव्हता, वर पुट्टी भरली होती. मीटर नसेल तर कागदात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक फिरवा. जाड पुट्टीवर ते धरत नाही.

आम्ही संतापलो, आणि तो लगेच वाकला. "बरोबर आहे तुमचं, पूर्ण पुन्हा मारून देतो." त्या वेळी हा भला माणूस वाटला. आता वाटतं, रंगाचं भांडण त्याला परवडत होतं. दोन डबे पेंट आणि पोरांची मजुरी, एवढाच त्याचा तोटा.

शेवटी गाडी घरी आली. आतलं लाकूड आरशासारखं चमकत होतं आणि सगळे खूश होते. काकाजी आत बसले, गिअरभोवतीच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि टॉर्च मागितला. "ही रेघ पाह्य. इथं आहे, तीच ॲश-ट्रेच्या झाकणावर आहे, तीच पुढच्या पट्टीवर. लाकडाले असं येते का कधी?"

पट्टी सोडवून उलटी केली. मागे प्लास्टिक. मूळ पट्टीमागे पार्ट नंबर होता, इथे काहीच नाही. लाकडाची छापील फिल्म पाण्यावर सोडून त्यात प्लास्टिकचा भाग बुडवतात आणि वरून क्लिअर मारतात, हायड्रो डिपिंग म्हणतात ते. काम वाईट नव्हतं, हे कबूल करावं लागेल. लबाडी होती ती लाकूड म्हणून देण्यात. "ओरिजिनल खराब होतं, फेकलं," एवढंच उत्तर मिळालं. जुन्या मर्सिडीजच्या लाकडाला सुट्या भागांच्या बाजारात गिऱ्हाईक असतं. ते कचऱ्यात टाकणारा गॅरेजवाला मी तरी पाहिलेला नाही.

म्हणून लाकूड आणि बॉडी एकाच माणसाला, एकाच वेळी देऊ नका. पट्ट्या स्वतः सोडवून घ्या आणि प्रत्येकीच्या मागच्या बाजूचा, नंबर दिसेल असा फोटो काढा. पुढून काढलेला फोटो काही सिद्ध करत नाही. कोटेशनमध्ये 'मूळ वेनिअर ठेवून फक्त लॅकर बदलणे' असं लिहून घ्या. जुनं लॅकर बेताने उतरवणं, थरावर थर देणं, प्रत्येक थर वाळू देऊन घासणं, हे काम दोन दिवसांत होत नाही. जो होतं म्हणतो, त्याच्या डोक्यात लाकूड नाही, फिल्म आहे. पेंटचे डबेही सीलबंद, आपल्या नावाच्या बिलावर आणून द्या.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो 'लाकडाचं बिल आहे का?' तीस वर्षांपूर्वीच्या गाडीतल्या लाकडाचं वेगळं बिल कुठून आणणार? शेवटी एका जुन्या सर्व्हिसच्या वेळी काढलेला फोटो कामी आला. लोक सरसकट '४२०' म्हणतात. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. पण विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर लंपास केली तर ३१६ लागतं, आणि तक्रारीत हे स्पष्ट लिहायला हवं. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग वेगळा. तिथे २ वर्षांच्या आत जावं लागतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमचं प्रकरण दोन्हीकडे चालू आहे. गॅरेजवाल्याने ५० हजार परत केले आहेत, लाकडाबद्दल चकार शब्द नाही.

नागपुरात किंवा बाहेर कोणाला डब्ल्यू-१२४चा झेब्रानो सेट विकायला आलेला दिसला, तर डॅशबोर्डची लांब पट्टी उलटी करून पाहा. आमच्या पट्टीला डाव्या टोकाच्या स्क्रूजवळ बारीक तडा आहे, अराल्डाइटने भरलेला. तो दिसला तर विकणाऱ्याचा नंबर आणि पावती मिळवा, आणि जवळच्या ठाण्यात कळवा.