शिआनची खोटी 306 नंबरची बस

शिआनला शनिवार-रविवार जोडून जाणार असाल, तर हे आधी वाचा. सोबत आई-वडील असतील तर नक्कीच.

सप्टेंबर 2016 ची गोष्ट. मी शांघायला नोकरीला होतो आणि आई-बाबा नाशिकहून तीन आठवड्यांसाठी आले होते. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांना चीनमध्ये दोनच गोष्टी बघायच्या होत्या, आणि दोन्ही शिआनच्या. एक म्हणजे चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक. दुसरी, चिनी भिक्खू ह्युएनत्संगाने भारतातून नेलेले ग्रंथ जपायला 652 मध्ये बांधलेला पॅगोडा. सातव्या शतकात जो माणूस महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांविषयी लिहून गेला, त्याच्या दारी एकदा जायचंच, असं ते नाशिकहून निघायच्या आधीपासून म्हणत होते. शनिवारी सैनिक, रात्री मुस्लिम मोहल्ल्यात खाणं, रविवारी पॅगोडा आणि संध्याकाळची गाडी, असा बेत ठरला.

रात्रभराच्या प्रवासानंतर सकाळी शिआन स्थानकावर उतरलो. सैनिकांचं ठिकाण शहराबाहेर, लिंतोंगला. तिथे 306 नंबरची सरकारी बस जाते हे मी पाहून ठेवलं होतं. बाहेर पडताच गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस समोर आला. हातात 306 लिहिलेली पाटी. म्हणाला, "आज बस इथून नाही, मागच्या रस्त्यावरून सुटते." मी शंका घेतली नाही, कारण नंबर बरोबर होता. मागच्या रस्त्यावरच्या बसच्या काचेवरही 306 चाच कागद चिकटवलेला होता. माणशी दीडशे युआन घेतले, 'प्रवेश तिकीट धरून'. खऱ्या बसचं तिकीट तेव्हा अवघं काही युआनचं होतं आणि वाहक ते बसमध्ये बसल्यावर द्यायचा. खाली उभं राहून कोणी पैसे मागितले, की तिथेच मागे फिरा.

पहिला थांबा 'सम्राटाचा भूमिगत महाल'. सिमेंटचा घुमट, रंगीत दिवे, मधोमध एक शवपेटी. बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "अरे, सम्राटाची कबर तर अजून कोणी उघडलेलीच नाही." खरंच आहे ते. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले ते सैनिक. कबरीचा मुख्य ढिगारा तिथून दीड किलोमीटरवर आहे आणि तो आजही खणलेला नाही. आत पाऱ्याच्या नद्या होत्या असं प्राचीन इतिहासकार सीमा छ्येन लिहितो, पण आत पाऊल कोणी टाकलेलं नाही. तेव्हा 'भूमिगत महाल' दाखवतो म्हणणारा प्रत्येक जण तुम्हाला नक्कलच दाखवणार.

त्यानंतर जेडचं दुकान. दरवाजा बंद करून तासभर भाषण. आईच्या हातात बांगडी चढवली आणि मग ती निघेना. साबण लावून काढली तेव्हा तिचं मनगट लाल झालं होतं. जेवणाला ठरलेलं हॉटेल, सगळ्या भाज्यांत डुकराचं मांस. आईने कोरडा भात खाल्ला.

दुपारी तीनला शेवटी 'सैनिक'. मंगल कार्यालयाच्या सभागृहाएवढी शेड. बाबांनी एका रांगेतले चेहरे निरखून पाहिले. सगळे एकाच साच्यातले. खऱ्या सैनिकांत प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे आणि नुसता पहिला खड्डाच 230 मीटर लांब आहे, हे ते शाळेत वर्षानुवर्षं शिकवत आले होते. मी मार्गदर्शकाशी भांडलो. तो हसला आणि बस सोडून निघून गेला. टॅक्सी करून खऱ्या संग्रहालयाच्या दाराशी पोहोचलो तोवर तिकीट खिडकी बंद झाली होती. बाहेर बायका लिंतोंगची डाळिंबं विकत होत्या. आईने दोन घेतली, कोणीच सोलली नाहीत.

रात्री मुस्लिम मोहल्ल्यात मात्र कोणी फसवलं नाही. दर पाट्यांवर लिहिलेले. पाओमो या पदार्थासाठी आधी कोरडी रोटी आपणच बोटांनी नखाएवढी कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. बाबांनी ती रोटी फार सावकाश कुस्करली. आईला मी मांसाविना लियांगफी मिळवून दिली. व्हिनेगर आणि मिरचीच्या तेलातल्या त्या थंड शेवया तिला इतक्या आवडल्या की दिवसभरात ती तेवढ्यावेळीच हसली.

2017 मध्ये लिंतोंगच्या अधिकाऱ्यांनी अशाच एका बनावट प्रदर्शनातले पुतळे फोडून टाकल्याची बातमी वाचली. तरी स्थानकावरच्या पाटीवाल्यांवर विसंबू नका. डिसेंबर 2020 पासून मेट्रोची 9 नंबरची लाइन लिंतोंगच्या हुआछिंगछि स्थानकापर्यंत जाते, तिथून पुढे शहर बस आहे. प्रवेशाचं तिकीट पासपोर्टवर, संग्रहालयाच्या अधिकृत नोंदणीतूनच आधी काढा, दुसऱ्या कोणाच्या हातात पैसे देऊ नका. तक्रारीला 12345 हा सरकारी क्रमांक आहे. मी तेव्हा कुठेच तक्रार केली नाही, आणि ते मला अजून डाचतं.

रविवारी दोन्हीला वेळ नव्हता. बाबांनी सैनिक निवडले. पहिल्या खड्ड्याच्या कठड्याला धरून ते तासभर उभे होते, मी त्यांना हलवलं नाही. संध्याकाळी गाडी सुटली तेव्हा ते खिडकीशी बसून विचारत होते, "इथून पॅगोडा दिसतो का रे?" पॅगोडा शहराच्या दक्षिणेला आहे आणि स्थानक उत्तरेला. दिसत नाही.