अंडाशयाच्या कर्करोगातील बीआरसीए आणि एचआरडी तपासणी: एका खासगी प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

माझ्या थोरल्या बहिणीला अंडाशयाचा हाय-ग्रेड सिरस कर्करोग तिसऱ्या टप्प्यावर असल्याचे निदान झाले. आधी केमोथेरपीच्या काही सायकल, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर उरलेल्या सायकल असा क्रम ठरला, आणि शस्त्रक्रियेनंतर ऑन्कॉलॉजिस्टनी गाठीच्या ऊतीवर बीआरसीए व एचआरडी तपासणी, म्हणजे कर्कपेशींतील डीएनएची दुरुस्ती बंद पडली आहे का हे पाहणारी तपासणी, करून घेण्यास सांगितले. पुण्यातून नमुने स्वीकारणाऱ्या ज्या खासगी प्रयोगशाळेकडे आम्ही ती करून घेतली, तिच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. तिचे नाव देत नाही, कारण पुढे येणाऱ्या त्रुटी एकट्या तिच्याच असतील असे मला वाटत नाही. नमुना पारखण्याचे आणि तपासण्याचे तिचे काम चोख आहे. हाती आलेला निष्कर्ष रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगण्याचे काम मात्र तिने अर्ध्यावर सोडले आहे.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले, तर ते अचूक जोडण्यासाठी पेशीला बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांची गरज असते. कर्करोगाच्या पेशीत ही दुरुस्ती बंद पडलेली असेल, तर पार्प हे विकर अडवणाऱ्या ओलापॅरिब किंवा निरापॅरिबसारख्या गोळ्यांपुढे ती पेशी तग धरत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोलो-१ चाचणीत बीआरसीए बिघाड असलेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांमध्ये ओलापॅरिबमुळे आजार पुन्हा वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी घटला. सात वर्षांनंतर ओलापॅरिब गटातील ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) गटातील ४६.५ टक्के. या प्रकारच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये दुरुस्तीची ही उणीव, म्हणजे एचआरडी, आढळते. उरलेल्या निम्म्यांना या गोळ्यांचा फायदा बराच कमी असतो, त्यामुळे ‘नाही’ हे उत्तरही उपयोगाचेच: रक्तक्षय आणि थकवा आणणारे महागडे औषध डोळे झाकून सुरू करावे लागत नाही.

या सेवेची सर्वांत चांगली बाजू दिसली ती नमुन्याच्या बाबतीत. रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाकडे अर्ज करून आम्ही शस्त्रक्रियेतील पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा तुकडा) मिळवला आणि प्रयोगशाळेचा माणूस तो घरून घेऊन गेला. काही दिवसांतच तेथील पॅथॉलॉजिस्टचा फोन आला. आधीच्या केमोमुळे त्या ऊतीत जिवंत कर्कपेशी फारच थोड्या उरल्या होत्या; तशा ब्लॉकवर तपासणी केली असती, तर एक तर ती फसली असती किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटा ‘निगेटिव्ह’ निकाल आला असता. त्यांनी निदानाच्या वेळी ओमेंटममधून (पोटातील चरबीच्या पडद्यातून) घेतलेल्या पहिल्या बायॉप्सीचा ब्लॉक मागितला, तो फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) किती तास होता याचीही चौकशी केली आणि जास्तीचे पैसे न घेता काम पुन्हा सुरू केले. पैसे आधीच जमा झालेले असताना एखादी प्रयोगशाळा आहे त्याच ब्लॉकवर यंत्र चालवून मोकळी होऊ शकली असती. मात्र केमो घेतलेल्या रुग्णाने शक्यतो आधीच्या बायॉप्सीचा ब्लॉक पाठवावा, ही साधी सूचना त्यांच्या मागणीपत्रावर कुठेच छापलेली नाही, आणि त्यापायी आमचा बराच वेळ गेला.

अहवालाचे पहिले पान स्वच्छ आहे: बीआरसीए१ मध्ये रोगकारक बदल, एचआरडी पॉझिटिव्ह. एचआरडीच्या गुणांकाशेजारी त्यांच्या स्वतःच्या पद्धतीची मर्यादारेषा (जिथपासून निकाल पॉझिटिव्ह धरतात ती) दिली आहे, हेही योग्यच, कारण मायचॉइस या अमेरिकी तपासणीतील ४२ हा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या गुणांकाला लावता येत नाही. दुसऱ्या पानापासून मात्र गोंधळ सुरू होतो. तेथे आणखी एका जनुकातील ‘अर्थ अनिश्चित’ असलेला बदल रोगकारक बदलाच्याच लाल चौकटीत छापला आहे. अशा बदलावरून उपचार ठरवायचे नसतात आणि भारतीयांची जनुकीय माहिती जागतिक संग्रहांत कमी असल्यामुळे आपल्याकडे असे निष्कर्ष अधिक निघतात, हे डॉक्टरांना ठाऊक असते. घरी बसून अहवाल वाचणाऱ्याला ते कोण सांगणार? त्यापुढची पाने परदेशी चाचण्यांतील औषधांच्या याद्यांनी भरली आहेत, ज्यांचा बहिणीच्या उपचारांशी काहीही संबंध नव्हता.

सर्वांत गंभीर आक्षेप समुपदेशनाविषयी आहे. गाठीत सापडलेला बदल केवळ गाठीपुरता आहे की जन्मजात, हे गाठीच्या तपासणीतून खात्रीने कळत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. बदल जन्मजात निघाला, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. बीआरसीए१ बाधित स्त्रीला स्तनांच्या नियमित एमआरआयचा आणि मुले झाल्यावर साधारण ३५ ते ४० या वयात अंडाशय व बीजनलिका काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. माझ्या भाचीचे लग्न ठरत असताना हा विषय किती जपून काढावा लागतो, हे वेगळे सांगायला नको. प्रयोगशाळेच्या समुपदेशकांनी इंग्रजीमिश्रित हिंदीत फोनवर घाईघाईने माहिती दिली, आणि त्यांच्याशी बोलणे होण्याआधीच ‘कुटुंबीयांसाठी सवलतीत तपासणी’ असा विपणन विभागाचा संदेश भाचीच्या मोबाइलवर येऊन थडकला होता. याचे समर्थन होऊ शकत नाही. आम्ही लेखी आग्रह धरल्यावर मराठी बोलणाऱ्या समुपदेशकांशी व्हिडिओवर सविस्तर बोलणे झाले आणि ते उत्तम झाले. म्हणजे माणसे त्यांच्याकडे आहेत, फक्त ती मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

त्यांचे प्रतिनिधी शेकडो जनुकांचे मोठे पॅनेल सर्वच स्त्रीरोग-कर्करोगांसाठी पुढे करतात, तेही मला पटत नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही डीएनएच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने व पी५३ हे प्रथिन यांची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (ऊतीवर रंग देऊन प्रथिने पाहण्याची तपासणी) आधी करावी. ती पुष्कळ स्वस्त असते, आणि या चारपैकी एखादे प्रथिन नाहीसे असेल, तर पेम्ब्रोलिझुमॅब किंवा डोस्टारलिमॅबसारख्या इम्युनोथेरपीचा मार्ग खुला होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बहुधा पीडी-एल१ चा, म्हणजे इम्युनोथेरपी उपयोगी पडेल का याचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाचा, प्रश्न पहिला असतो.

तपासणीच्या गुणवत्तेसाठी मी या प्रयोगशाळेला पाचपैकी साडेचार गुण देईन, समुपदेशनासाठी दोन. ज्यांना तपासणी करायची आहे, त्यांनी ऑर्डर देण्यापूर्वी गाठ आणि रक्त या दोन्हींच्या दरांचे एकत्रित पत्रक मागावे, कारण आम्हाला रक्ताच्या तपासणीचा खर्च नंतर कळला. उरलेला ब्लॉक परत देण्याचे लेखी मान्य करून घ्यावे. आजार उलटला तर फोलेट रिसेप्टर अल्फा (कर्कपेशींवरील एक प्रथिन) यासारख्या पुढच्या तपासण्यांना तीच ऊती लागू शकते. बिलावर डॉक्टरांच्या शिफारशीचा उल्लेख आणि नमुना घेतल्याची तारीख असावी, कारण अनेक पॉलिसींमध्ये रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतलाच तपासणीचा खर्च मिळतो, आणि आमचा दावा पहिल्या खेपेला याच दोन गोष्टींअभावी परत आला होता.